किरायदार, दलाल आणि बोअरची मोटर

मे महिना लागला की पुण्याहून आमच्या धाकट्या दिरांचा फोन ठरलेला. वहिनी, ते दारव्ह्याचं घर एजंटला देऊन टाका ना, कशाला एवढ्या उन्हात स्कुटी घेऊन पळता, महिन्याचा किराया गेला तर गेला, डोक्याला ताप तर नाही. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्यापुरतं. त्यांनी पुण्यातला फ्लॅट असाच एजंटच्या हवाली केलाय. पण तिकडे सोसायटी आहे, गेटवर वॉचमन आहे, नळ गळला तर सोसायटीचा प्लंबर आहे, लाइट गेली तर ग्रुपवर मेसेज टाकला की कोणीतरी बघतं. म्हणजे एजंटनं नुसता माणूस आणून बसवला तरी बाकीचं घर आपोआप चालतं. आमच्या दारव्ह्याला, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाला, हे काहीच नाही. तिथे घर चालवायला माणूसच लागतो, आणि एजंट तो माणूस नसतो, एवढंच मला सांगायचंय, बाकी सगळं त्याचंच पाल्हाळ आहे.

आधी घराबद्दल सांगते. आम्ही राहतो खेड्यात, शेती आहे, कापूस-तूर-सोयाबीन. सासरे जिल्हा परिषदेत मास्तर होते, रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशात त्यांनी दारव्ह्याला प्लॉटवर घर बांधलं, नातवंडं शिकतील म्हणून. शिकली पण. सासूबाई पोरांना घेऊन तिथे राहायच्या, आम्ही शनिवारी डबे-पीठ-भाजी घेऊन जायचो. आता पोरं बाहेर गेली, सासूबाई आमच्याकडे आल्या आणि घर रिकामं झालं. खाली तीन खोल्या, वर दोन खोल्या आणि गच्ची, रोडच्या बाजूने एक गाळा. खालचा किराया ४५०० आणि वरचा ३५००. मुंबई-पुण्याच्या लोकांना हसू येईल, पण आमचं वर्षाचं किराणा-दवाखान्याचं गणित त्यावर बसलेलं आहे, कारण कापसाचा पैसा एकदाच येतो आणि तो येण्याआधीच वाटला गेलेला असतो.

आता गंमत बघा. किरायदार बदलायचा सीझन आणि पेरणीचा सीझन एकच. बदल्या होतात मे-जूनमध्ये. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटी शेवटी, त्यामुळे मास्तर लोक, बँकवाले, दवाखान्यातले, सगळे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खोल्या शोधत फिरतात. आणि तेव्हाच मिरग लागलेला असतो, बियाणं आणायचं, खताची लाइन, ट्रॅक्टरवाल्याच्या मागे फिरायचं, आभाळाकडे बघायचं. त्यात फोन येतो, काकू, रूम पाहाची होती. आता कोण जाणार चावी घेऊन? त्यामुळेच मधली काही वर्षं आम्ही घर एजंटकडे दिलं होतं, आणि तेव्हा मलाही वाटलं होतं की सुटलो बाप्पा.

आमच्याकडचा एजंट म्हणजे पाटी लावून ऑफिस टाकलेला माणूस नसतो. झेरॉक्सचं दुकान, त्यातच ऑनलाइन फॉर्म, पीक विम्याचे अर्ज, प्लॉटची खरेदी-विक्री, जुनी मोटरसायकल पाहिजे का, आणि रूम किरायाने देणे आहे. रेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारा कायदा, २०१६ मध्ये आला, त्यात एजंटला नोंदणी करावी लागते हे खरं, पण तो विक्रीच्या व्यवहारासाठी. खोल्या किरायाने लावून देणाऱ्याला त्याचं बंधन नाही. म्हणजे उद्या काही झालं तर तक्रार करायला याचा नंबर-बिंबर काही नसतो. घरमालकाकडून एक महिन्याचा किराया आणि किरायदाराकडून एक महिन्याचा, असा त्याचा रेट. ४५०० च्या घराला दर अकरा महिन्यांनी ४५००, म्हणजे शंभरातले नऊ रुपये त्याचे.

त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसती चिडलेली आहे. एजंटचा एक फायदा असा आहे की तो सोयरा नसतो. तुम्ही स्वतः घर द्यायला निघालात की पहिले पाच फोन नात्यातले असतात. मामेभावाच्या साळ्याचा पोरगा कॉलेजला लागला, चुलत सासऱ्यांच्या व्याह्यांचे जावई बदलून आले. आणि नात्यातला माणूस आला की डिपॉझिट कोणत्या तोंडानं मागायचं, किराया पाच तारखेचा पंचवीसला आला तर बोलायचं कसं, आणि वाढवायचा म्हटलं तर लग्नात तोंड फिरवून बसतात. आमच्या घरात असे एक जण दीड वर्ष राहून गेले, शेवटचे चार महिने किराया दिलाच नाही, वर सासूबाईंना सांगून गेले की सूनबाई फार हिशोबी आहे. हो, आहे. तर अशा वेळी 'ते आता एजंटकडे दिलंय हो, आमच्या हातात काही नाही' हे वाक्य सोन्यासारखं कामी येतं. त्याला अजून एक गोष्ट कळते ती म्हणजे कोणाची बदली कुठे झाली. ऑर्डर निघायच्या आधी त्याला माहीत असतं. आमचं घर त्याच्या काळात कधी रिकामं राहिलं नाही, हे मान्य.

पण रिकामं राहिलं नाही याचं कारण नीट पाहिलं तर दुसरंच निघालं. अकरा महिने झाले की माणूस जायचा आणि नवा यायचा. मला वाटायचं नोकरदार लोक आहेत, जाणारच. मग एकदा बाजारात आमच्या खालच्या मास्तरीणबाई भेटल्या, ज्या आमचं घर सोडून गेल्या होत्या, म्हटलं यवतमाळला बदली झाली होती ना तुमची? तर म्हणे नाही हो काकू, इथेच आहो, मागच्या गल्लीत, एजंट म्हणाला तुमच्या घरी पाहुणे येऊन राह्यले, घर खाली कराच लागन, आणि दोनशे रुपये कमीत दुसरं पाहून दिलं. म्हणजे आम्हाला सांगितलं बदली, तिला सांगितलं पाहुणे, आणि दोन्हीकडून दोन-दोन कमिशन. त्याच्यावर राग येतो तसं नवलही वाटतं. त्याचं पोट माणूस हलला तरच भरतं, आणि माझं पोट माणूस टिकला तर. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसणार? पुण्या-नागपुरात काय होतं माहीत नाही, पण आमच्या एवढ्याशा गावात सगळी मिळून शे-दोनशे घरं किरायाची असतील, तिथे माणसं फिरवत राहणं हाच धंदा होतो.

आणि ते अकरा महिने! हे कुठून आलं ते मी नंतर विचारत बसले. लोकांना वाटतं बारा महिन्यांच्या आत असलं की रजिस्टर करायची गरज नाही, स्टॅम्पवर लिहिलं, नोटरीचा शिक्का मारला, झालं. आधी शंभरचा स्टॅम्प होता, २०२४ पासून पाचशेचा झाला, एजंट नोटरी धरून हजार-बाराशे घ्यायचा. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ म्हणून जो आहे, त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. केला नाही तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे भांडण झालं तर किरायदार ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. तो म्हणाला किराया दोनच हजार ठरला होता, की बसा. नोटरीवाला कागद तिथे काही कामाचा नाही.

खर्च बघा आता. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला द्यायच्या कराराला, मुद्रांक शुल्क पाव टक्का. पूर्ण मुदतीचा किराया, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून मिळवायचं, आणि त्याचा पाव टक्का. नोंदणी फी नगरपरिषदेच्या हद्दीत हजार, ग्रामपंचायतीत पाचशे. मी खालच्या माळ्याचा करार छत्तीस महिन्यांचा केला, पहिल्या वर्षी ४५००, मग ४८००, मग ५१००, डिपॉझिट नऊ हजार. सगळं मिळून एक लाख पंचाहत्तर हजार पाचशे, त्याचा पाव टक्का म्हणजे पाचशेच्या आत. अधिक हजार रुपये फी, वर ज्या पोराकडून ऑनलाइन भरून घेतलं त्याचे पैसे. तीन वर्षांतून एकदा. तेच एजंटच्या पद्धतीने दर अकरा महिन्यांनी नोटरी, तीनदा. आधार आणि अंगठा लागतो, आमचा, किरायदाराचा आणि दोन साक्षीदारांचा, माझा अंगठा भांडी-शेण-निंदण करून घासलेला, मशीन घेईना, मग बोट बदलून बदलून शेवटी मधल्या बोटावर आलं. पण झालं. साठ महिन्यांपर्यंत असा करार करता येतो. आणि मुदत संपल्यावर माणूस उठत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सरकारनं यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही, आणि मुदतीनंतर बसून राहिला तितक्या दिवसांचा दुप्पट किराया त्याच्यावर लागतो. हे सगळं हातात रजिस्टर कागद असेल तर.

हे एजंटला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. झेरॉक्सच्या दुकानात बसतो, त्याच्या काउंटरवरून रोज कागद जातात.

अजून एक गोष्ट, जी कोणी लिहीत नाही. फोन आला की एजंट पार्टीचं आडनाव आधी सांगायचा, नोकरी मागून. आडनाव सांगून थांबायचा, की आपण समजून घ्यावं. एकदा सरकारी दवाखान्यातली नर्स होती, एकटी राहणारी, तर म्हणे काकू, बाई एकटी आहे आणि आडनाव अमुक आहे, मी त्यांना नाहीच म्हणून सांगतो, उगाच गल्लीवाले बोलतील. मी म्हटलं गल्लीवाले माझा किराया देतात का? पाठवा तिला. ती आली, वरच्या खोल्या पाहिल्या, नळ उघडून पाहिला, संडासचा फ्लश ओढून पाहिला, आणि म्हणाली काकू, गच्चीवर दोरी बांधली तर चालेल का. ती अजून आहे. किराया एक तारखेला फोनपेवर येतो, आणि सासूबाईंची शुगर वाढली तेव्हा पहिला फोन मी तिलाच केला. आता अशा किती बायका, किती लोक एजंटनं माझ्या दारापर्यंत येऊच दिले नसतील? स्वतः घर द्यायचं ठरवलं त्याचं हे एक मोठं कारण, किरायाच्या हिशोबापेक्षाही मोठं.

उलट ज्यांना तो हसत हसत घेऊन यायचा ते बघा. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचं काम निघाल्यापासून आमच्या भागात कंत्राटदारांची माणसं खूप आली. शकुंतला, ती आमच्याकडची जुनी छोट्या रुळांची गाडी, बंद पडल्यावर आमच्या गावाला रेल्वे नावाला उरली नव्हती, त्यामुळे या नव्या लाइनचं सगळ्यांना कौतुक, मलाही. पण एजंट म्हणे कंपनीला द्या, सहा हजार देऊन राह्यले. घरात किती जण? तर दोन साहेब. आले तेव्हा आठ जण आणि बाहेर डंपर. त्यापेक्षा मजेदार म्हणजे कृषी केंद्रवाला, खालच्या दोन खोल्या गोडाऊनला पाहिजेत, किराया सात हजार. त्यात औषध ठेवणार, म्हणजे फवारणीचं. वर माणसं राहतात आणि खाली विषाचे डबे! २०१७ ला आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-मजूर गेले, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सात हजार काय नि दहा हजार काय. शिवाय औषधाच्या परवान्यात साठवायची जागा लिहिलेली असते, ती राहत्या घरात कशी दाखवणार, आणि घरगुती मीटरवर धंदा चालवला की महावितरणनं धरलं तर विद्युत कायद्याच्या १२६ खाली दुप्पट दराने आकारणी, बिल माझ्या सासऱ्यांच्या नावावर. एजंटला विचारलं हे सगळं, तर म्हणे काकू, तुमी लय विचार करता.

बरं, आता स्वतः बघायचं म्हणजे काय काय बघायचं. माणूस शोधणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे, खरंच. किराणा दुकानात, बँकेत, शाळेत, दवाखान्यात चार ओळखीच्या लोकांना सांगितलं आणि गाळ्याच्या शटरवर खडूनं लिहिलं की आठवड्यात माणूस मिळतो. खरी कटकट लाइट आणि पाण्याची.

लाइटचं सांगते, कारण यात मी एजंटच्या काळात किरायदारांच्या शिव्या खाल्ल्यात. घराला एकच मीटर होतं, वरच्या माळ्याला त्यानं साधं सब-मीटर लावून दिलं आणि सरसकट दहा रुपये युनिट सांगितलं. आता महावितरणचे स्लॅब असतात, पहिले शंभर युनिट स्वस्त, शंभरच्या पुढे तीनशेपर्यंतचा दर जवळपास दुपटीचा, मग पाचशेपर्यंत आणि पुढे अजून. समजा वरच्यांनी नव्वद युनिट जाळले आणि खालच्यांनी एकशे सत्तर. दोघांचे मिळून दोनशे साठ, एकाच मीटरवर, म्हणजे शंभर स्वस्तात आणि एकशे साठ महागात. तेच मीटर वेगवेगळं असतं तर वरच्यांचे नव्वदच्या नव्वद स्वस्तात, खालच्यांचे शंभर स्वस्तात, फक्त सत्तर महाग. नव्वद युनिट उगाच महाग पडत होते दर महिन्याला, आणि ती नर्स बिचारी, दिवसभर ड्युटीवर, एक पंखा नि एक बल्ब, दहाच्या दराने पैसे देत होती. मी वर वेगळं मीटर घेतलं, अर्ज केला, चकरा झाल्या, वायरमनशी बोलाचाली झाली, पण तेव्हापासून लाइटवरून एकही भांडण नाही. फक्त बोअरच्या मोटरचं बिल खालच्या मीटरवर येतं, त्याचे वरून दीडशे रुपये महिना ठरवून दिलेत आणि ते करारात लिहिलेत. गाळ्याचं तिसरं, कमर्शियल.

पाणी. नळ नगरपरिषदेचा, उन्हाळ्यात चार-चार दिवसांनी येतो, त्यामुळे बोअरवर सगळं. आणि आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस-शेहेचाळीस डिग्री म्हणजे कूलर आलाच, आणि कूलर आला म्हणजे पाणी पिणार. खालच्या घरी एक बँकवाले साहेब होते, कोकणातले, त्यांना कूलर नवीन. खिडकीला लावला, ते ठीक, पण स्टँड न आणता खिडकीच्या गजांना तारेनं बांधला आणि पाठीमागून पाणी सोडायला नळाला कायमची नळी लावून दिली. फ्लोट नाही काही नाही, टाकी भरली की पाणी खाली. मी गेले तेव्हा भिंतीचा कमरेपर्यंतचा भाग ओला, हात लावला तर प्लास्टर पापडासारखं हातात आलं, खिडकीखालच्या स्विचबोर्डातून बारीक चर्र चर्र आवाज. बोर्ड! ओल्या भिंतीत! साहेब म्हणाले मॅडम, मला वाटलं कूलरचाच आवाज आहे. मी आधी मेन स्विच पाडला आणि मग बोलले जे बोलायचं ते. आता करारातच आहे, कूलर लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून बोटभर सुटा, फ्लोट लावलेला, आणि पाइप भिंतीला छिद्र पाडून आत घ्यायचा नाही. हसतात वाचून, पण सही करतात.

ही गोष्ट एजंटच्या काळात झाली असती तर? झाली होतीच तशी एक, वरच्या टाकीचा वॉल्व्ह गळत होता, किरायदारानं एजंटला तीनदा सांगितलं, एजंट म्हणाला सांगतो मालकाला, आणि मला पावसाळ्यात स्लॅबला ओल आल्यावर कळलं. कमिशन घेताना त्याचं काम संपलेलं असतं, पुढचं कशाला तो उन्हात येईल.

म्हणून मी काय केलं, पैसे द्यायचे ठरवलं पण दुसऱ्या माणसाला. आमच्या घरापासून जवळच एक पोरगा आहे, मोटर बांधणीचं दुकान, वायरिंग करतो, नळाचंही जमतं. त्याला म्हटलं बेटा, महिन्याला पाचशे रुपये बांधून घे, काम निघो न निघो. काम निघालं तर मजुरी वेगळी, सामानाचं बिल फोटो काढून पाठवायचं, पाचशेच्या आतलं काम मला न विचारता करून टाकायचं आणि वरचं असेल तर फोन. एक चावी त्याच्याकडे नाही दिली, ती बाजूच्या वयनीकडे असते, दोघं मिळून उघडतात, ते त्यालाही बरं आणि मलाही. किरायदार आता मला फोनच करत नाहीत मोटर बंद पडली म्हणून, थेट त्याला करतात. वर्षाचे सहा हजार जातात. एजंटला दोन्ही माळ्यांचे मिळून वर्षाला आठ-नऊ जायचे आणि वर स्लॅबला ओल.

बाकी छोटं छोटं. किराया घेतला की पावती द्यायची, कायद्यानं द्यावीच लागते, आणि नोकरदारांना ती लागतेच. फक्त काही जण म्हणतात काकू, पावती जरा सात हजाराची द्या ना, टॅक्समध्ये कामी येते. नाही देत. ते सात हजार माझ्या उत्पन्नात धरतील की मग, आणि कशासाठी. पोलिस स्टेशनला किरायदाराची माहिती द्यायची, आधारची झेरॉक्स, फोटो, मूळ गावचा पत्ता, आता ऑनलाइनही होतं. एजंटनं आमची 'दिली आहे' म्हणून सांगितली होती, विचारायला गेले तर नोंदच नव्हती. आणि भांडण झालं तरी पाणी-लाइट तोडायची नाही. आमच्या गल्लीत एकानं किरायदार निघत नाही म्हणून नळाची चावी बंद केली आणि स्वतःच अडचणीत आला, कारण ते कायद्यात बसत नाही, मग तुमचं किती का बरोबर असेना.

एक प्रकार राहिलाच सांगायचा, अप-डाउनवाले. कागदावर राहायला दारव्ह्याला, खरं राहतात यवतमाळला, खोली फक्त पत्त्यापुरती. सगळे म्हणतात असा किरायदार म्हणजे लॉटरी, पैसे देतो आणि घरी येतच नाही. मी एकदा ठेवला असा. पावसाळाभर खोली बंद, दिवाळीला उघडली तर उदईनं, म्हणजे वाळवीनं, दाराची चौकट आतून पोखरलेली, वरून रंग जसाच्या तसा, बोट दाबलं की आत. घरात माणूस पाहिजे, झाडू फिरला पाहिजे, चूल पेटली पाहिजे.

दिरांना मी हे सगळं सांगते तेव्हा ते म्हणतात वहिनी, तुम्ही जवळ आहात म्हणून. खरं आहे. मी स्कुटीवर अर्ध्या तासात पोहोचते. जो अमेरिकेत बसलाय, किंवा पुण्यात नोकरी करतो आणि ज्याचं आईबापाचं घर आमच्यासारख्या गावात बंद पडलंय, त्यानं काय करावं? मला विचाराल तर त्यानं पण एजंट शोधण्याआधी तो मोटर बांधणारा पोरगा शोधावा आणि चावी सांभाळणारी शेजारीण शोधावी, आणि हे दोघं सापडत नसतील तर एजंटला देऊनही काही होणार नाही, घर तसंही खराब होईल, फक्त कमिशन भरून होईल. मग सरळ कोणाला तरी कमी किरायात द्यावं जो घर आपलं समजून वापरेल.

आणि तरीही, आता हसू नका, गाळा मी यावर्षी त्याच एजंटला दिलाय. कारण धंदेवाल्या लोकांतलं मला कळत नाही, कोण खरा आणि कोण सहा महिन्यांत शटर पाडून पळणार, आणि त्याला ते बरोबर कळतं. फक्त अट घातली. कमिशन अर्ध्या महिन्याचं माणूस आल्यावर, आणि उरलेलं अर्धं तो माणूस वर्षभर टिकला आणि किराया नियमित आला तर. आधी ऐकेचना. असं कोणी करते का काकू, आमच्या लाइनमध्ये असं नसते. मी म्हटलं नसेल तर राहू दे, गाळा तसाही बंदच आहे. दोन दिवसांनी त्याचाच फोन. मोबाइल रिपेअरिंगवाला आहे म्हणे, पोरगा चांगला आहे, दिग्रसचा, लग्न झालेलं आहे, पळणार नाही. आणि मग जरा थांबून, "काकू, वर्ष म्हणजे अकराच महिने धरू ना?"

म्हटलं नाही, बारा.